तारुण्यपिटिका व त्यांवरील एक संथ औषध

ज्या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, वाङ्मय अशा भारदस्त विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे मुरमांचा विषय निघालेला पाहून काही श्रोत्यांना हसू येईल. आपल्या प्राचीन वैद्यांनीही या व्याधीला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. सुश्रुतसंहितेत ती ‘मुखदूषिका’ या नावाने येते आणि तिची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत केलेली आहे. परंतु रोग किरकोळ ठरविला तरी निरीक्षण किरकोळ नाही. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्या सावरीच्या काट्यांसारख्या असतात, असे तेथे म्हटले आहे. सावरीच्या कोवळ्या खोडावरील तो बुडाशी रुंद आणि टोकाशी अणकुचीदार काटा ज्याने पाहिला आहे, त्याला या उपमेचा नेमकेपणा वेगळा सांगावयास नको.

पण किरकोळ कोणाला? ज्याच्या तोंडावर ती आलेली नाहीत त्याला. सोळा-सतरा वर्षांची मुलगी घरच्या लग्नकार्यालाही जावयाचे टाळते, मुलगा वर्गातला पुढचा बाक सोडून मागे जाऊन बसतो, आणि वडीलधारी मंडळी ‘वयाचं आहे, जाईल आपोआप’ असे म्हणून विषय मिटवितात. पुष्कळांच्या बाबतीत ते जातेही. मात्र जाताना काहींच्या गालांवर वण ठेवून जाते आणि ते जन्मभर राहतात. दुसरीकडे, घरी कोणी दखल घेत नाही म्हणून हीच मुले परस्पर औषधाच्या दुकानात जातात, ‘काका, चेहऱ्याला लावायचं काहीतरी मलम द्या’ असे सांगतात आणि हाती पडेल ते लावू लागतात. स्वस्थ बसणे आणि वाटेल ते लावणे या दोहोंच्या मध्ये एक खात्रीची, पण संथ वाट आहे. त्वचारोगतज्ज्ञ ज्यांना रेटिनॉइड म्हणतात त्या मलमांची ही वाट. ही मलमे काय करतात, कशी लावावी आणि त्यांच्याकडून केव्हा व किती अपेक्षा करावी, याचा आपण येथे विचार करू.

पुळी कशी जन्मते

आपल्या चेहऱ्याच्या कातडीवर हजारो सूक्ष्म रंध्रे असतात. प्रत्येक रंध्र म्हणजे एका बारीक केसाचे घर, आणि त्या घराला लागून एक तेलाची ग्रंथी. या ग्रंथीतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ केसाच्या कडेने वर येतो आणि त्वचेला तुकतुकी देतो. वयात येताना शरीरातील काही अंतःस्राव वाढतात, त्यांच्या प्रेरणेने या ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल अधिक पाझरू लागते. इथपर्यंत बिघडले असे काही नसते.

बिघाड होतो तो रंध्राच्या आतल्या अस्तरात. या अस्तराच्या पेशी सुट्यासुट्या झडून तेलाबरोबर बाहेर पडावयाच्या. त्या तशा न झडता एकमेकींना चिकटून राहू लागल्या की त्यांचा बोळा बनतो. न्हाणीची मोरी जशी वरून स्वच्छ दिसत असताना आत केसाकचऱ्याने हळूहळू तुंबत जाते, तशीच ही गोष्ट. बोळ्यामागे तेल साठते. तोंड मिटलेले असेल तर बारीक पांढरा दाणा दिसतो, उघडे असेल तर काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा नसतो. कातडीतील रंगद्रव्य आणि हवेचा संपर्क यांमुळे तो येतो, आणि म्हणून कितीही घासले तरी जात नाही. पुढे या तुंबलेल्या तेलात आपल्या त्वचेवर नेहमीच नांदणारे काही जिवाणू बळावतात, आतून दाह सुरू होतो, आणि मग लाल, ठसठसणारी, कधी पू धरलेली पुळी वर येते.

या वर्णनातील एक गोष्ट मनात पक्की धरावयास हवी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. आज दिसलेली पुळी आज जन्मलेली नसते. तिचा बोळा कित्येक आठवड्यांपूर्वी, डोळ्यांना काहीही दिसत नव्हते तेव्हाच बनू लागलेला असतो. म्हणजे मुरमे आलेल्या चेहऱ्यावर जी कातडी आज निर्मळ दिसते, तिच्याखालीही पुढच्या महिन्याच्या पुळ्या तयार होत असतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे घरोघरचे उपाय का फसतात ते कळते. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुणे, लिंबू चोळणे, दंतमंजनाची पेस्ट पुळीवर थापणे, हे सर्व उपाय वरच्या पुळीवर आहेत. खालच्या बोळ्यापर्यंत त्यांची पोच नाही. उलट कातडी चिडते, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ वर्णाच्या लोकांत चिडलेल्या जागी काळा डाग उमटतो आणि तो महिनोन् महिने राहतो. मुरमे ही अस्वच्छतेची शिक्षा नव्हे, तशीच ती चारित्र्याची खूणही नव्हे. आहाराविषयी एवढेच म्हणता येईल की साखर, मैदा असे रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ कमी केल्याने काहींना उतार पडल्याचे आढळले आहे. मात्र सारा दोष घरच्या तळणावर ढकलून मोकळे होण्यास आधार नाही.

अ-जीवनसत्त्वापासून मलमापर्यंत

रेटिनॉइड ही अ-जीवनसत्त्वाच्या कुळातील औषधे होत. १९१३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनी लोण्यात व अंड्यातील स्निग्धांशात असे काही द्रव्य आहे की त्याच्यावाचून उंदरांची वाढ खुंटते, असे दाखवून दिले. तेच पुढे अ-जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो हे आपण शाळेत शिकतो. त्याचे दुसरे काम तितकेसे सर्वतोमुखी नाही. १९२५ मध्ये वोल्बाक आणि होव या संशोधकांनी असे पाहिले की अ-जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या शरीरातील मऊ, ओलसर अस्तरे शिंगासारखी कठीण आणि चिवट बनतात. म्हणजेच अस्तराच्या पेशींनी कसे वाढावे आणि कसे झडावे याची शिस्त या द्रव्याच्या हाती आहे. मुरमांतही बिघाड नेमका अस्तराच्या झडण्यातच असतो. तेव्हा हेच द्रव्य कातडीवर लावून पाहावे, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते.

ती फलद्रूप झाली ती फिलाडेल्फियात. तेथील पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी फुल्टन व प्लेविग या सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये अ-जीवनसत्त्वाच्या आम्लाचा मुरमांवरील उपयोग प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. आज आपण त्याला ट्रेटिनॉइन म्हणतो. या यशाला एक काळी किनार आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. क्लिगमन यांनी त्याच शहरातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर दोन दशकांहून अधिक काळ नाना प्रकारचे प्रयोग केले. पुष्कळ कैद्यांना आपल्यावर काय केले जात आहे याची नीट कल्पनाही दिलेली नव्हती, आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णी होते. हे प्रयोग १९७४ मध्ये थांबले आणि फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२२ मध्ये. औषध गुणकारी आहे हे खरे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या कातडीने मोजली हेही खरे.

हे औषध पेशीच्या आत कसे काम करते याचा उलगडा पुढे १९८७ मध्ये झाला. फ्रान्समध्ये शांबाँ आणि अमेरिकेत इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांना पेशीच्या केंद्रात या आम्लासाठी राखून ठेवलेली जणू कुलपेच सापडली. आम्लाची किल्ली त्यांत बसली की पेशीला मिळणाऱ्या आज्ञा बदलतात. चिकटून राहणाऱ्या पेशी सुट्या होतात, जुने बोळे सैल पडून निघतात आणि नवे बनण्याचे थांबते. पुढे याच कुळातील अडापॅलीन आले, ते त्वचेला पुष्कळच सौम्य. त्याला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. टॅझारोटीन हे त्याहून कडक. कोणाला कोणते आणि किती टक्क्यांचे, हे ठरविणे डॉक्टरांचे काम. ट्रेटिनॉइनचे ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के असे प्रकार असतात आणि बहुधा सुरुवात कमी ताकदीपासून होते.

लावावयाचे कसे

औषधाची चिठ्ठी हाती पडते, परंतु लावण्याची रीत सांगावयास गर्दीच्या दवाखान्यात कोणास सवड नसते, आणि निम्मे अपयश तेथेच पदरात पडते. म्हणून ही रीत थोडी सविस्तर सांगणे अगत्याचे आहे.

हे मलम रात्रीचे आहे. ट्रेटिनॉइन उजेडाने निकामी होते. झोपण्यापूर्वी सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड एकदाच धुवावे, टिपून घ्यावे, आणि कातडी पुरती कोरडी होईपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबावे. ओल्या कातडीवर औषध अधिक आत शिरते आणि अधिक आग करते. मग मटाराच्या दाण्याएवढे मलम बोटावर घ्यावे. साऱ्या चेहऱ्याला मिळून एवढेच, एका गालाला एवढे नव्हे. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी यांवर त्याचे ठिपके द्यावे आणि हलक्या हाताने सर्वत्र पसरावे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे वगळावे.

येथे बहुतेकांकडून एक चूक घडते. मलम फक्त पुळीवर, टिकली लावावी तसे लावले जाते. पण आपण वर पाहिले की उद्याच्या पुळ्या आजच्या निर्मळ कातडीखाली आहेत. हे औषध मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. म्हणून जेथे जेथे मुरमे येतात तो सारा भाग त्याच्या कक्षेत आला पाहिजे.

पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र सोडून, किंवा दोन रात्री सोडून लावावे. कातडी सरावली की रोज. वर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावण्यास हरकत नाही. नाजूक कातडीच्या माणसाने ते आधी लावून मग औषध लावले तरी चालते. सकाळी बाहेर पडताना तीस किंवा अधिक एस.पी.एफ.चे सनस्क्रीन लावावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात आपल्याकडे छत्री, ओढणी, टोपी यांनाही तितकेच महत्त्व आहे. औषध चालू असताना त्या जागी वॅक्स करणे किंवा ब्लीच लावणे टाळावे, नाहीतर कातडी सोलवटते. डॉक्टरांनी जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड दिले असेल तर ते बहुधा सकाळी लावावयास सांगतात, कारण नेहमीचे ट्रेटिनॉइन त्याच्या सहवासात नासते. अडापॅलीनला मात्र तो धोका नाही. आणि जिवाणुनाशक लोशन एकटेच महिनोन् महिने लावीत बसू नये. तसे केल्याने जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

पहिले तीन महिने

आता कसोटीचा भाग येतो. हे मलम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चेहरा सुधारत नाही. कातडी कोरडी पडते, कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, थोडी आग होते, आणि काहींच्या बाबतीत मुरमे वाढल्यासारखीही दिसतात. तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहून ‘हे औषध मला मानवलेलं दिसत नाही’ असा निर्णय घेतला जातो, नळी खिडकीत पडते आणि दुसऱ्या डॉक्टरांचा शोध सुरू होतो. तेथेही बहुधा याच कुळातले औषध मिळते आणि पुन्हा तिसऱ्या आठवड्यात तेच घडते. अशा रीतीने कोणतेही औषध पुरते न घेता वर्ष निघून जाते, आणि वण तेवढे पदरी पडतात.

वस्तुतः येथे औषध हरलेले नसते. त्याला वेळच मिळालेला नसतो. बोळा बनावयास आठवडे लागले, तसेच ते निघावयासही लागणार. साधारण बारा आठवड्यांनंतर गुणाची पारख करावी. तोवर घाईने प्रमाण वाढवू नये. दुप्पट मलम लावल्याने गुण दुप्पट होत नाही, आग मात्र दुप्पट होते. सौम्य कोरडेपणा सोसावा किंवा एखादी रात्र वगळावी. परंतु सूज आली, पाणी सुटले, किंवा आग सोसवेनाशी झाली तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे. आणि चेहरा नितळ झाला म्हणून लगेच सोडूही नये. बोळे बनविण्याची कातडीची प्रवृत्ती तेवढ्यात गेलेली नसते. गुण टिकविण्यासाठी ते पुढे किती दिवस चालू ठेवावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

या औषधाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खोल पडलेले खड्डे ते भरून काढू शकत नाही. म्हणूनच वण पडण्यापूर्वी उपचार सुरू होण्याला महत्त्व आहे. मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर नुसत्या मलमाने भागत नाही आणि त्वचारोगतज्ज्ञ पोटात घेण्याचे औषध देतात. त्यांतील आयसोट्रेटिनॉइन हे याच कुळातले असून पोटातील गर्भाला अत्यंत घातक आहे. ते घेताना गर्भधारणा होता कामा नये. मलमातून शरीरात फारच थोडे औषध शिरते. तथापि गरोदर स्त्रीने, किंवा जिला दिवस राहावयाची अपेक्षा आहे अशा स्त्रीने ही मलमेही वापरू नयेत असाच संकेत आहे. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी माहेरचे औषध तसेच पुढे लावीत राहते. तिला ही गोष्ट कोणीतरी स्पष्ट सांगितली पाहिजे. तसेच मुरमांबरोबर पाळी अनियमित होत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर ती केवळ कातडीची तक्रार नसते; अंतःस्रावांची तपासणी करून घ्यावी.

तोतया मलम

संथ औषधाचा खरा शत्रू म्हणजे झटपट औषध. आपल्या देशात ते अगदी कोपऱ्यावर मिळते. ज्या क्लिगमन यांचा उल्लेख वर आला, त्यांनीच विलिस यांच्यासह १९७५ मध्ये चेहऱ्यावरील काळपटपणासाठी एक मिश्रण सुचविले. त्यात रंग उतरविणारे हायड्रोक्विनोन, आपले ट्रेटिनॉइन आणि तिसरे स्टेरॉइड होते. हे मिश्रण वांगासारख्या विकारावर, वैद्यकीय देखरेखीखाली, थोडे आठवडे वापरावयाचे. आपल्याकडे मात्र त्याच धर्तीची मलमे गोरे होण्यासाठी, डागांसाठी, मुरमांसाठी सर्रास लावली जाऊ लागली. शेजारच्या ताईंना गुण आला म्हणून धाकटी लावते, तिचे पाहून मावशी लावते.

गुण येतो तो स्टेरॉइडमुळे. ते दाह दडपते, म्हणून चार दिवसांत लाली ओसरते, आठवड्यात चेहरा उजळतो. रेटिनॉइडच्या तिसऱ्या आठवड्याशी तुलना केली तर हेच औषध खरे वाटावे यात नवल नाही. परंतु काही महिन्यांत कातडी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, लव वाढते, आणि पूर्वी नव्हती अशी एकसारख्या पुळ्यांची नवी रास उठते. लावणे थांबविले की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, पुन्हा लावले की निवतो. व्यसनाची हीच रीत असते. ही विकृती इतकी फैलावली की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी तिला स्वतंत्र नाव दिले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. दुकानाच्या फळीपर्यंत तो पोहोचविणे ग्राहकाच्याही हाती आहे.

नळीवरचे मोठ्या अक्षरांतील नाव वाचून काही कळत नाही. बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्ये वाचावी. त्यांत बीटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्ल्युओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते मलम मुरमांचे नव्हे, मग त्याच्या जोडीला ट्रेटिनॉइनचे नाव का असेना. असे मलम महिनोन् महिने लावले गेले असेल तर लाजून घरी बसू नये आणि मनानेच दुसरे काही लावू नये. तज्ज्ञाकडे जावे, त्यातून बाहेर पडता येते, मात्र त्यालाही वेळ लागतो.

तात्पर्य, मुरमांवर औषध आहे, आणि ते साध्या, मटाराएवढ्या मलमाचे आहे. त्याला हवे असते ते मोजके प्रमाण, रोजची शिस्त आणि तीन महिन्यांचा धीर. या तीनही गोष्टी सोळाव्या वर्षी माणसाजवळ मुबलक असतात असे कोणी म्हणणार नाही. त्या घरातील वडीलधाऱ्यांनी पुरवावयाच्या असतात. ‘जाईल आपोआप’ म्हणण्याऐवजी मुलाला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे, तिसऱ्या आठवड्यात ‘थांब, अजून नऊ आठवडे पाहू’ असे सांगणे, आणि त्याच्या नळीवरील बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाचणे, एवढे केले तरी अनेक चेहरे वणांपासून वाचतील.